निचऱ्याचे पाणी, सेलेनियम आणि बुरशी



गेल्या महिन्यात नदीकाठच्या एका गावी गटसभेसाठी जाण्याचा योग आला. विषय नेहमीचाच, क्षारपड जमिनीचा. चाळीसएक एकरांचा सलग पट्टा, सोळा खातेदार. एके काळी एकरी साठ टनांच्या पुढे ऊस देणारी ही जमीन आज पांढरी फटफटीत पडली आहे. जमिनीत सच्छिद्र पाइप टाकून सामुदायिक निचरा करावयाचा, असे बहुतेकांचे ठरत आले होते. तेवढ्यात एका तरुण सभासदाने पिशवीतून एक बाटली काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "साहेब, पाइपात एवढा पैसा पुरण्यापेक्षा ही बुरशी पाटाच्या पाण्यातून सोडली तर? विकणारा सांगत होता, परदेशात हिनं जमिनीतलं विष खाऊन टाकलंय. सेलेनियम का काय ते. मग आपला खार खायला हिला काय जड आहे?"

सभेत हशा पिकला. आम्हाला मात्र हसू आले नाही. कारण त्या पोराच्या बोलण्यातला अर्धा भाग खरा होता, आणि अर्धे खरे असलेले बोलणे खोडून काढणे सर्वात अवघड असते.

हशा ओसरल्यावर मागच्या रांगेतले एक वयस्क सभासद उठले. त्यांचे रान पट्ट्याच्या खालच्या अंगाला आहे. "पाइप घाला, बाटली घाला, आमचं काही म्हणणं नाही. पण पाइपाचं तोंड कुठं काढणार ते आधी सांगा. खाली आमची वस्ती आहे. ओढ्यावर जनावरं पाणी पितात." यावर मात्र कोणी हसले नाही आणि उत्तरही दिले नाही. सभा चहा पिऊन पांगली.

हे दोन प्रश्न आमच्या डोक्यात घोळत राहिले. एक बाटलीचा, दुसरा पाइपाच्या तोंडाचा. दिसायला वेगळे, पण ज्या ठिकाणी बुरशीने सेलेनियम काढण्याचा प्रयोग झाला त्या ठिकाणाची हकीकत वाचली म्हणजे दोन्ही एकाच विहिरीचे पाणी आहे हे कळते. ती हकीकत सभासदांपुढे ठेवावी आणि आमचे मतही मोकळेपणाने सांगावे, म्हणून हा लेख.

प्रथम सेलेनियम म्हणजे काय ते पाहू. हे एक मूलद्रव्य आहे. १८१७ साली बर्झेलियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने ते शोधले आणि चंद्राच्या ग्रीक नावावरून त्याचे नाव ठेवले. गंधकाचा हा सख्खा भाऊ. इतका सारखा, की पिकाच्या मुळांनाही दोघांतला फरक नीट कळत नाही. गंधकासाठी उघडलेल्या दारातूनच सेलेनियम पिकात शिरते. माणसाला आणि जनावराला ते लागते, पण अगदी चिमूटभराच्याही चिमूटभर. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण ५५ मायक्रोग्रॅम पुरते. एका ग्रॅमचे दहा लाख भाग केले तर त्यातले पंचावन्न. चीनमध्ये काही भागांत मातीत सेलेनियम फारच कमी असल्याने लेकरांना आणि बायाबापड्यांना हृदयविकार जडला होता. उलट जास्त झाले तर केस झडतात, नखे ठिसूळ होतात, जनावरांची खुरे बिघडतात. कमी पडले तरी वाईट आणि जास्त झाले तर त्याहून वाईट, आणि या दोहोंमधली वाट फार अरुंद.

आता त्या ठिकाणाची गोष्ट. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात सॅन होकिन नावाचे मोठे खोरे आहे. त्याच्या पश्चिम अंगाला पाऊस कमी, पण कालव्याचे पाणी आले आणि शेती फोफावली. कापूस, टोमॅटो, भाजीपाला, जे लावाल ते. खाली मात्र चिकणमातीचा थर. वरून दिलेले पाणी त्या थरावर साठू लागले, पाण्याची पातळी मुळापर्यंत वर आली आणि पाण्याबरोबर क्षार वर आले. आपल्या कृष्णा-वारणा काठच्या सभासदांना यापुढचे सांगण्याची गरज नाही. नीरा कालव्यावर तर इंग्रज अमदानीतच हे दुखणे सुरू झाले होते.

तिथल्या सरकारने उपाय योजला तोही आपल्या ओळखीचा. शेतात जमिनीखाली पाइप टाकायचे, त्यातले खारे पाणी एका मोठ्या निचरा-कालव्यात घ्यायचे आणि तो कालवा थेट समुद्राच्या खाडीकडे न्यायचा. आराखडा चांगला होता. १९६८ साली काम सुरू झाले. १९७५ पर्यंत सुमारे ८५ मैल कालवा झाला आणि काम थांबले. पैसा अपुरा पडला. शिवाय खाडीकाठच्या लोकांनी "तुमच्या शेतातली घाण आमच्या पाण्यात नको" म्हणून हरकत घेतली. कालव्याला डोके होते, शेपूट नव्हते. मग जिथे कालवा संपला तिथे, केस्टरसन नावाच्या जागी, बारा उथळ तळी होती. सुमारे बाराशे एकरांची. ती पाणपक्ष्यांसाठी राखलेली होती. पाणी तिथेच सोडावे, उन्हाने आटेल, असे ठरले. सुरुवातीला गोडे पाणी जात होते. १९७८ पासून निचऱ्याचे पाणी मिसळू लागले आणि १९८१ पर्यंत तळ्यांत निचऱ्याखेरीज दुसरे पाणीच उरले नाही.

१९८२ मध्ये लोकांच्या लक्षात आले की तळ्यात मासे राहिले नाहीत. डासांच्या अळ्या खाणारा एक चिवट बारका मासा तेवढा उरला होता. १९८३ च्या विणीच्या हंगामात वन्यजीव खात्याच्या शास्त्रज्ञांनी पक्ष्यांची घरटी तपासली. जवळपास ४० टक्के घरट्यांत निदान एक तरी पिलू अंड्यातच मेलेले. २० टक्के घरट्यांत निदान एक तरी व्यंग असलेले, कुणाला डोळे नाहीत, कुणाची चोच वाकडी, कुणाला पाय नाहीत. कारण शोधता शोधता सेलेनियम सापडले. खोऱ्याच्या पश्चिमेच्या डोंगरात प्राचीन समुद्रतळाचा शेल खडक आहे. त्यातले सेलेनियम मातीत होतेच. पाटाच्या पाण्याने ते धुऊन काढले, पाइपांनी ते गोळा केले आणि कालव्याने ते एका जागी नेऊन ओतले. कालव्यातून येणाऱ्या पाण्यात लिटरला सुमारे ३०० मायक्रोग्रॅम सेलेनियम होते. आपल्या देशात पिण्याच्या पाण्याला मर्यादा आहे १० मायक्रोग्रॅमची. तळ्यात मग शेवाळ, किडे, मासे, पक्षी अशा पायऱ्यांनी ते वाढतच गेले.

१९८५ साली तळी बंद करण्याचा निर्णय झाला. १९८६ मध्ये शेतांचे निचऱ्याचे पाइप बुचे मारून बंद केले गेले. म्हणजे पक्षी वाचवण्यासाठी पाणी थांबवले आणि ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप केला त्या शेतकऱ्यांची जमीन पुन्हा खाऱ्या पाण्यावर बसली. पुढे हजारो एकर जमीन पिकातून काढावी लागली. यात शेतकऱ्यांनी कोणते पाप केले होते? त्यांनी चर मागितला होता, तो मिळाला. चराचे तोंड कुठे उघडते हे विचारायचे मात्र राहून गेले.

आता बुरशी. तळी आटवली तरी तळाच्या गाळात सेलेनियम होतेच. गाळ उचलून न्यावा तर बाराशे एकरांचा गाळ ठेवायचा कुठे? त्या वेळी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड येथील माती शास्त्रज्ञांनी, फ्रँकनबर्गर आणि कार्लसन यांनी, एक वेगळी वाट धरली. त्या गाळातच आणि पाण्यातच काही बुरशा अशा सापडल्या की त्या सेलेनियमचा वायू करून हवेत सोडतात. त्यांत ठळक होती अल्टरनेरिया. हे नाव आपल्याला नवीन नाही. कांद्याचा जांभळा करपा, टोमॅटोचा करपा ही याच कुळीची करणी. आम्ही कृषी पदविकेला होतो तेव्हा बुरशी म्हटली की काणी, तांबेरा, करपा आणि फवारणीचे औषध, एवढीच ओळख होती. ती काही उपयोगाचे काम करत असेल असे आम्हाला कोणी सांगितले नाही आणि आम्हीही कधी विचारले नाही.

वास्तविक ही गोष्ट फार जुनी आहे. गेल्या शतकाच्या आधी युरोपात घरांच्या भिंतींना हिरव्या रंगाचा कागद चिकटवीत. त्या रंगात सोमल असे. ओल आली की कागदावर बुरशी चढे, खोलीत लसणासारखा वास येई आणि माणसे आजारी पडत. गोसियो नावाच्या इटालियन डॉक्टरने १८९० च्या दशकात दाखवले की बुरशीच सोमलाचा वायू करते. पुढे इंग्लंडात चॅलेंजर या रसायनशास्त्रज्ञाने पावाच्या चुऱ्यावर तीच बुरशी वाढवली, त्यात सेलेनियम घातले आणि १९३४ साली सिद्ध केले की ती सेलेनियमचाही तसाच वायू करते. त्या वायूचे नाव डायमिथिल सेलेनाइड. त्यालाही लसणाचाच वास.

बुरशी हे आपल्या कल्याणासाठी करीत नाही हे उघड आहे. सेलेनियम तिलाही विषच. आपल्या अंगातले विष हलके करून बाहेर टाकण्याची ती तिची रीत. हा वायू विषारीपणात सेलेनाइट क्षारापेक्षा शेकडो पटींनी सौम्य असतो असे उंदरांवरच्या प्रयोगांत दिसले आहे. दुसरी एक रीतही काही बुरशांना साधते. पाण्यात विरघळलेले सेलेनियम त्या न विरघळणाऱ्या लाल कणांत बदलतात. १९९५ साली स्कॉटलंडमधल्या शास्त्रज्ञांनी हे ज्या बुरशांत दाखवले त्यांत फ्युजेरियम आणि ट्रायकोडर्मा या कुळींच्या बुरशा होत्या. फ्युजेरियम म्हणजे आपल्या उसाला पोक्का बोंग आणणारीची भाऊबंद, आणि ट्रायकोडर्मा तर आपण बेणेप्रक्रियेला व पाचट कुजवायला वापरतो. लाल कण झाले म्हणजे सेलेनियम संपले असे नव्हे, पण ते पाण्याबरोबर वाहत नाही आणि मुळातून सहज वर चढत नाही.

केस्टरसनच्या गाळावर प्रयोगाचे तुकडे पाडले गेले. इथून पुढे आम्हाला त्या शास्त्रज्ञांचे काम फार आवडले, कारण ते शेतकऱ्यासारखे वागले. त्यांनी बाहेरून बाटली आणून ओतली नाही. बुरशी गाळात होतीच. प्रश्न एवढाच होता की तिला काम का होत नाही. तर तिला खायला नव्हते, पाणी नव्हते आणि हवा नव्हती. म्हणून कुणा तुकड्यात शेणखत घातले, कुणात बार्लीचे काड, कुणात संत्र्या-लिंबांच्या साली, कुणात दुधातले केसीन. तुषार सिंचनाने ओल ठेवली, ठराविक दिवसांनी नांगरून माती हलती ठेवली. उन्हाळ्यात ओल असेल तर काम जोरात चाले, थंडीत मंदावे, माती वाळली की थांबे. सुमारे आठ वर्षांच्या नोंदींत वरच्या थरातले निम्म्याहून जास्त सेलेनियम निघून गेल्याचे दिसले. नुसते पाणी आणि नांगरट दिलेल्या तुकड्यातही घट झाली, खाणे दिलेल्या तुकड्यांत जास्त.

आता दुसरी बाजू. आठ वर्षे म्हणजे आपल्या हिशेबाने एक लागण आणि खोडवे धरून तीन-चार फेरे झाले. तेही वरच्या वीतभर थराचे. आणि प्रत्यक्षात तळ्यांवर मुख्य उपाय झाला तो वेगळाच. १९८८ मध्ये सखल भागांवर मातीचा भराव घातला. बुरशीचे काम प्रयोगाच्या तुकड्यांपुरते राहिले. शिवाय हवेत गेलेले सेलेनियम नाहीसे होत नाही, ते पातळ होऊन दुसरीकडे कुठेतरी पावसाबरोबर खाली येते. एका जागचा ढीग वाऱ्यावर विखुरला, एवढाच त्याचा अर्थ. जिथे ढीगच मारक आहे तिथे तेवढेही मोलाचे आहे हे आम्ही मान्य करतो. पण याला कोणी जादू म्हणू नये.

आपल्या देशातही हे दुखणे आहे. पंजाबात नवांशहर आणि होशियारपूर या जिल्ह्यांत हजार हेक्टरांच्या वर जमीन सेलेनियमने बाधित आहे. शिवालिक टेकड्यांतून पुराबरोबर आलेला गाळ, आणि वर भातासाठी उपसलेले भूजल. गव्हाची पाने पांढरी पडतात, जनावरांची खुरे सोलतात, शेपटीचे केस झडतात, माणसांची नखे खराब होतात. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठातील ढिल्लन दांपत्याने यावर कित्येक वर्षे काम केले. त्यांनी जिप्सम टाकून पाहिले. जिप्सममधला गंधक मुळाच्या दारात गर्दी करतो आणि सेलेनियमला आत शिरायला जागा देत नाही. आपण क्षारपड जमिनीत जिप्सम टाकतो ते त्यातल्या कॅल्शियमसाठी, सोडियमला हुसकायला. एकच पोते, दोन गावी दोन कामे.

आणि सभासदांना विशेष वाटेल अशी गोष्ट म्हणजे, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कामात कोंबडीखताबरोबर साखर कारखान्याचा प्रेसमडही होता. हे खत मिसळलेल्या सेलेनियमयुक्त मातीत पिकात सेलेनियम कमी उतरले आणि मातीतून हवेत उडून जाण्याचे प्रमाण वाढले. आपल्या कारखान्याच्या मागे ज्याचा ढीग पडतो आणि जो नेण्यासाठी आम्ही दर हंगामात सभासदांच्या मागे लागतो, त्याने पंजाबच्या मातीत हे काम केले. त्याच भागातल्या सेलेनियम भरलेल्या गव्हाच्या काडावर धिंगरी अळंबी वाढवून पाहण्याचेही प्रयोग झाले आहेत. काडातले सेलेनियम अळंबीत उतरते. खायला की काढून टाकायला, हे मात्रेवर ठरेल.

एवढे सगळे वाचून झाल्यावर बाटलीकडे वळू. आमचे स्पष्ट मत असे की ती बाटली आपल्या खाराला काडीचाही उपयोग करणार नाही. कारण सरळ आहे. बुरशी सेलेनियम हलवू शकते कारण सेलेनियमचा वायू होतो, किंवा न विरघळणारा कण होतो. आपल्या जमिनीत जे साठले आहे ते मुख्यतः सोडियमचे आणि इतर साधे क्षार. मिठाचा वायू करणारी बुरशी देवाने अजून घडवली नाही. स्वयंपाकघरातल्या लोणच्यावर बुरशी येते, पण त्याने लोणच्याचे मीठ कमी झाले असे आपल्या घरी कोणी सांगितले आहे काय? जमिनीतला खार एकाच वाटेने जातो, पाण्यात विरघळून, निचऱ्याच्या चरातून. त्याला वाट करून देणे एवढेच आपल्या हाती. जिप्सम, धैंचा-ताग, प्रेसमडचे कंपोस्ट या गोष्टी माती मोकळी करून पाणी खाली जाऊ देतात. चर नसेल तर त्यांचाही उपयोग अर्धाच.

विकणारा खोटे बोलला का? सेलेनियमबद्दल तो बहुधा खरेच बोलला. पण एका रोगाचे औषध दुसऱ्या रोगावर विकले. असे लोक पुढेही येतील, आणि त्यांच्या कागदावर परदेशी विद्यापीठाचे नाव असेल. सभासदांनी एकच प्रश्न विचारावा: तुमची बुरशी या खाराचे करते तरी काय, वायू करते की कण करते? उत्तर नाही आले तर चहा पाजून रवाना करावे. बुरशीवरचा आमचा राग नाही. पाचट न जाळता सरीत ठेवा, थोडा युरिया, सुपर आणि कुजवणारे संवर्धक टाका आणि ओल ठेवा, ती तुमच्या रानात फुकट राबेल. केस्टरसनच्या शास्त्रज्ञांनी जे विकत आणून घातले ते काड आणि खत आपण बांधावर काडी लावून पेटवतो, याचे आम्हाला दर वर्षी वाईट वाटते. पण हा विषय निराळा, आणि यावर आमचे बोलणे ऐकून सभासद कंटाळलेही असतील.

आता पाइपाचे तोंड. आमच्या मते त्या सभेतला खरा प्रश्न हाच होता आणि तो मागच्या रांगेतून आला. इथे एक खुलासा करतो, नाहीतर उद्या गावभर सेलेनियमची हाकाटी व्हायची. आपली काळी माती बेसाल्ट खडकातून आली आहे. तिथली माती ज्या समुद्री शेलमधून आली तो खडक वेगळा, आणि बेसाल्टात सेलेनियम साधारणपणे शेलपेक्षा कमीच असते. त्यामुळे केस्टरसनची पिले इथे जन्मतील अशी भीती आम्ही घालत नाही. पण निचऱ्याचे पाणी म्हणजे गोळा केलेला अर्क, हे दोन्हीकडे सारखे. आपल्याकडच्या अर्कात क्षार असतील, आपण जास्तीचा टाकलेला नत्र असेल, तणनाशकाचा अंश असेल. चाळीस एकरांत विखुरलेले एका नळीतून ओढ्यात पडणार. वरच्या सोळा खात्यांची जमीन सुधारेल आणि खालच्या आठ घरांचे पाणी बिघडेल, तर त्याला सामुदायिक योजना कसे म्हणावयाचे?

मग पाइप टाकूच नयेत काय? तसे मुळीच नाही. निचऱ्याशिवाय त्या जमिनीला दुसरा तरणोपाय नाही आणि आम्ही योजनेच्या बाजूचे आहोत. परंतु त्याच खोऱ्यात पुढे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. ग्रासलँड भागातल्या सुमारे ९७ हजार एकरांच्या शेतकऱ्यांनी १९९६ पासून एकत्र येऊन बोली केली. नदीकडे सोडल्या जाणाऱ्या पाण्यात महिन्याला एकूण किती सेलेनियम जाऊ द्यायचे याची मर्यादा बांधून घेतली. ओलांडली तर दंड. ती मर्यादा आपापल्या भागांत वाटून घेतली. मग ज्याने त्याने पाणी जपून द्यायला सुरुवात केली, कारण कमी पाणी दिले की निचराही कमी. निचऱ्याचे खारे पाणी पुन्हा उचलून खार सोसणाऱ्या गवताला देऊ लागले. सेलेनियमचा भार वर्षागणिक कमी होत गेला. यात बुरशी नाही, बाटली नाही. हिशेबाची वही आहे आणि एकमेकांवर नजर आहे. सहकारात वाढलेल्या माणसांना हे जमू नये असे त्यात काय आहे?

आमचे म्हणणे त्या पट्ट्यापुरते असे. आराखडा मंजुरीला देण्यापूर्वी खालच्या अंगाच्या खातेदारांना सभासद करून घ्या, त्यांची वर्गणी घेऊ नका, पण मत घ्या. पाइपाचे तोंड वस्तीच्या पाणवठ्याच्या खाली नेता येते का, ते मोजून घेऊ. लांबी वाढेल, खर्च वाढेल, तो वरच्यांनी सोसावा. जनावरांसाठी वेगळा हौद बांधून द्यावा. मोकाट पाणी देणे पट्ट्यातल्या सोळाही जणांनी बंद करावे; निम्म्यांनी ठिबक करायचे आणि निम्म्यांनी रात्री मोटर सोडून झोपायचे, असे चालणार नाही. हे कटू वाटेल. पाइप टाकून मोकाट पाणी देणारा माणूस आपला खार शेजाऱ्याच्या ओढ्यात पंपाने नेऊन टाकतो, असेच आम्ही समजतो.

कारखान्याकडेही आम्ही दोन गोष्टी मागितल्या आहेत. अशा प्रत्येक योजनेत वर्षातून दोनदा, उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर, पाइपाच्या तोंडाच्या व ओढ्याच्या पाण्याची तपासणी कारखान्याच्या खर्चाने व्हावी. आणि तिचे आकडे याच अंकात छापावेत, चांगले आले तरी आणि वाईट आले तरी. याला विरोध होईल हे आम्ही जाणून आहोत. आकडे छापले तर योजना बदनाम होईल, असे एका जाणत्या सभासदाने आम्हाला ऐकवलेच आहे. केस्टरसनच्या तळ्यांत मासे मेले ते कळल्यानंतरही पाणी आणखी काही वर्षे चालूच होते, एवढे आम्ही त्यांना सांगितले. ते गप्प झाले, पटले असे मात्र म्हणाले नाहीत.

त्या पट्ट्याची पुढची बैठक हंगामाच्या आधी, खालच्या वस्तीवरच्या देवळात घेण्याचे ठरले आहे. खातेदारांनी येताना विहिरीच्या आणि ओढ्याच्या पाण्याचा नमुना स्वच्छ धुतलेल्या लिटरभर बाटलीत आणावा, बाटलीवर गट नंबर व तारीख लिहावी. औषधाची रिकामी बाटली धुऊन आणू नये. आणि सभेत टेबलावर राहिलेली ती बुरशीची बाटली गट कार्यालयात ठेवली आहे, ज्यांची असेल त्यांनी घेऊन जावी.